आखातातला बाजार आणि गावाकडचा हिशेब

परदेशी नोकरीस गेलेला आपला माणूस सुट्टीवर घरी आला की गप्पांचा ओघ लवकरच बाजारभावाकडे वळतो. कांदा काय भावाने मिळतो, तांदूळ कुठला असतो, मासळी परवडते का, असे प्रश्न विचारले जातात. तो दिरहम वा दिनारमधला आकडा सांगतो. ऐकणारा मनातल्या मनात त्याचा गुणाकार करतो आणि 'अबब, एवढी महागाई!' असे उद्गारतो. हा गुणाकार आपल्या घरांत इतका रुळला आहे की तो पूर्वापार चालत आला असावा, असे वाटते. वस्तुतः त्याचे वय साठ-पासष्ट वर्षांचेच आहे.

त्यापूर्वी अशा गुणाकाराची गरजच नव्हती. ब्रिटिश अमदानीत कुवेत, बहरैन, कतार, दुबई आणि मस्कत येथील व्यवहारात आपला हिंदी रुपयाच चालत असे. मुंबई बंदरातून तांदूळ, चहा, मसाले तिकडे जात. तिकडून खजूर आणि मोती इकडे येत. १९३२ साली बहरैनमध्ये आणि १९३८ साली कुवेतमध्ये तेल सापडले. तेल कंपन्यांच्या कचेऱ्यांत आणि मुदपाकखान्यांत कामासाठी गोव्याची व मुंबईकडची अनेक माणसे गेली. तेथील दुकानात मोजायचा रुपया आणि घरी मनिऑर्डरीने यायचा रुपया एकच होता. दोन ठिकाणच्या भावांची तुलना आजच्या मुंबई-पुण्याच्या तुलनेइतकी सरळ होती.

ही सरळ वाट सोन्याने मोडली. आखातातून सोने चोरट्या मार्गाने भारतात येई. त्याचे मोल रुपयांत चुकते होई, आणि ते रुपये बँकांमार्फत परत आले की रिझर्व्ह बँकेला त्यांच्या बदल्यात पौंड द्यावे लागत. ही गळती थांबविण्यासाठी भारत सरकारने १९५९ साली केवळ आखातात चालणाऱ्या, वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांनाच 'आखाती रुपया' असे नाव पडले. मोल तेच, पण नोट वेगळी झाली.

पुढे एकेक देश वेगळा होत गेला. कुवेतने १९६१ साली आपला दिनार काढला; त्या वेळी एका दिनारचे सव्वातेरा रुपयांहून किंचित अधिक होत. बहरैनने १९६५ साली दहा रुपयांचा एक दिनार केला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरला ४.७६ रुपये पडत, ते एका दिवसात ७.५० झाले. आखाती रुपयाही त्याबरोबर घसरला. त्याच वर्षी कतार आणि दुबईने रुपया सोडून स्वतःचा रियाल आणला. हा रियाल अवमूल्यनापूर्वीच्या एका रुपयाच्या तोडीचा होता. १९७३ साली अमिरातीत त्याच्या जागी दिरहम आला. म्हणजे आज ज्या दिरहमला बावीस रुपयांहून अधिक मोजावे लागतात, तो मुळात आपल्या रुपयाचाच भाऊ! ओमानने १९७० पर्यंत रुपयाची साथ धरली, आणि मग तोही निराळा झाला.

चलने वेगळी झाली, पण शिधा मात्र बऱ्याच अंशी तोच राहिला. वाळवंटातील हे देश आपले बहुतेक अन्न बाहेरून आणतात. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव झालेला कांदा दुबईच्या दुकानात येतो आणि तेथे राबणारा आपला माणूस तो दिरहम देऊन विकत घेतो. भारताने २० जुलै २०२३ रोजी बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविली, तेव्हा आठवड्याभरातच अमिरातीने आपल्याकडील तांदूळ बाहेर पाठविण्यावर चार महिन्यांची बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. ती मे २०२४ मध्ये खुली झाली. अशा वेळी घरच्या ग्राहकाला स्वस्ताई लाभते, नाशिकचा शेतकरी मार खातो आणि आखातातला नोकरदार जास्त पैसे मोजतो. एकाच निर्णयाचे हे तीन हिशेब एकाच कुटुंबात येऊ शकतात.

तेथील सर्वांनाही भाव सारखा नसतो. कुवेतमध्ये १९६२ च्या कायद्याने ग्राहक सहकारी संस्था उभ्या राहिल्या; त्यांना तेथे 'जमइया' म्हणतात. तेथे खरेदी कोणीही करावी, पण सभासदत्व आणि नफ्याचा वाटा नागरिकांचा. सवलतीच्या शिध्याचे कार्डही त्यांचेच. परदेशी कामगार रेशनची रांग मागे ठेवून गेला, तो अशा देशात जिथे रेशन आहे, पण त्याच्यासाठी नाही.

मग तुलना करावी तरी कशी? स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुस्टाव्ह कॅसल यांनी १९१८ साली या प्रश्नाला 'क्रयशक्ती समता' असे नाव दिले. १९६८ पासून संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी देशोदेशीचे भाव प्रत्यक्ष गोळा करून ताडून पाहिले. पहिल्या दहा देशांत भारत होता. त्यातून दिसले ते असे की, चलनाच्या दराने केलेला गुणाकार गरीब देशातील पैशाची खरी ताकद कमी दाखवितो.

घरगुती उदाहरण घेऊ. समजा, एकजण दुबईत महिना २०८० दिरहम मिळवितो आणि त्याचा भाऊ गावी २०,८०० रुपये. दोघेही महिन्याला २०८ तास राबतात. एखादी वस्तू तिकडे ५ दिरहमला, इकडे ६० रुपयांना आहे. गुणाकाराने तिकडची किंमत ११० रुपये, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण श्रमाने मोजू जाता तिकडे अर्धा तास आणि इकडे छत्तीस मिनिटे पडतात. महाग ती स्वस्त ठरली!

मात्र येथे थांबणे आम्हांस अन्यायाचे वाटते. सहकुटुंब कॅनडा-ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्यांची मिळकत आणि खर्च एकाच चलनात असतो. त्यांनी गुणाकार सोडून द्यावा हेच शहाणपण. आखातातल्या साध्या कामगाराला ते कसे जमावे? ठराविक पगाराखाली कुटुंब नेता येत नाही. त्याचे पोट तिकडे आणि घर इकडे. ताटात न घेतलेल्या पाच दिरहमांचे गावी खरोखरच एकशे दहा रुपये होतात, त्यांतून मुलीची फी भरली जाते. त्याचा गुणाकार अडाणीपणाचा नाही. त्याचा भार त्याच्याच ताटावर पडतो, एवढेच.

आणि ही शिल्लकही नेहमी सुरक्षित नसते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, आणि कुवेती दिनार काही आठवड्यांतच व्यवहारातून बाद झाला. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परतले. अनेकांच्या हाती एक बॅग होती. वर्षानुवर्षांची काटकसर तिकडेच राहिली.

म्हणून वाचकहो, पुढच्या सुट्टीत घरचा माणूस आला की भाव अवश्य विचारावा. पण कांद्याच्या भावाबरोबर तो स्वतः किती खातो, हेही विचारावे. त्यानेही आपण देश सोडला त्या वर्षीचे गावचे भाव मनात धरून बसू नये. वाडीतली भाजी आणि विहिरीचे पाणी घरचे होते, तेव्हाचा तो हिशेब. वाड्या विकल्या गेल्या त्या ठिकाणी आता मिरचीसुद्धा विकत आणावी लागते. दोन्ही बाजूंचे खरे आकडे एकाच टेबलावर मांडले, तर पाठवणारा कंजूष नाही आणि घरचे उधळे नाहीत, हे दोघांनाही कळेल.