दुसऱ्या शनिवारची चोरी

चोरी केव्हा होते? आपण म्हणतो, रात्री अमुक वाजता कुलूप फुटले आणि चोरी झाली. पंचनाम्यातही तीच वेळ लिहिली जाते. परंतु पुण्याच्या एका बँकेत २०१८ साली जी चोरी झाली, तिची वेळ सांगणे इतके सोपे नाही. पैसे गेले ते ११ ऑगस्टला. चोर मात्र त्याआधीच आत येऊन बसले होते.

ही बँक म्हणजे कॉसमॉस सहकारी बँक. १९०६ साली निघालेली, जुन्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेला सुट्टी, पुढे रविवार. त्या शनिवारी दुपारनंतर काही तासांतच, तब्बल २८ देशांतल्या एटीएम यंत्रांमधून बनावट व्हिसा कार्डे घालून सुमारे १२ हजार वेळा पैसे काढले गेले. ही रक्कम ७८ कोटी रुपयांच्या आसपास होते. आपल्या देशातही, आणि त्यात कोल्हापूरही आले बरं का, रुपे कार्डांवर २,८४९ वेळा मिळून अडीच कोटी गेले. सोमवारी १३ तारखेला बँक उघडली, तेव्हा आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यावर रवाना झाले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला.

आता हे घडले कसे, ते नीट समजून घेतले पाहिजे. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता, तेव्हा ते यंत्र आपल्या मनाने पैसे देत नाही. ते बँकेला विचारते, ‘या माणसाच्या खात्यावर इतकी रक्कम आहे का? देऊ का?’ हा प्रश्न नेणारी आणि उत्तर आणणारी जी यंत्रणा असते, तिला ‘स्विच’ म्हणतात. गावाकडचे उदाहरण घेऊ. तालुक्याच्या दुकानदाराने पेढीवर गडी पाठवला, ‘अमुक पाटलांना उधार देऊ का, विचारून ये.’ वाटेत चोरांनी त्या गड्याला अडवून बसवले आणि आपलाच एक माणूस परत धाडला. तो पेढीवर गेलाच नाही; दुकानदाराला येऊन सांगितले, ‘हो म्हणाले, द्या.’ पुण्यात झाले ते हेच. चोरांनी स्विचच्या जागी आपला खोटा स्विच उभा केला. प्रश्न बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत पोचलाच नाही, आणि परदेशातली यंत्रे ‘हो’ हे उत्तर ऐकून नोटा मोजीत राहिली. म्हणूनच कोणा ठेवीदाराच्या खात्यातून रुपयाही कमी झाला नाही. नुकसान झाले ते बँकेचे. पण सहकारी बँक म्हणजे तरी कोण? तिचे सभासदच ना!

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला येथे एक प्रश्न पडतोच. ही चोरी अगदी अनपेक्षित होती काय? मला तसे वाटत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये मस्कतच्या एका बँकेची कार्डे वापरून, २४ देशांत, दहा तासांत सुमारे ३६ हजार वेळा पैसे काढून चार कोटी डॉलर नेले होते. रीत बरीचशी हीच. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेचा नंबर लागला. बँकांमधले पैसे पाठवण्याचे संदेश ज्या ‘स्विफ्ट’ जाळ्यातून जातात, त्यातून चोरांनी सुमारे ९५ कोटी डॉलरची मागणी न्यूयॉर्कला धाडली. बरीचशी अडवली गेली. तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचले. तेथेही सुट्टी साधली होती. गुरुवारची रात्र निवडली, कारण ढाक्यात शुक्रवार-शनिवारी बँक बंद. न्यूयॉर्कला शनिवार-रविवार, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी! पहिली फसवी पत्रे त्या बँकेत आली होती जानेवारी २०१५ मध्ये, नोकरीच्या अर्जांच्या रूपाने. मनिलातली खाती मे २०१५ मध्ये उघडून ठेवली होती. म्हणजे वर्षभर तयारी चालली होती. इकडे बँकेत काय होते? पोलिसांच्या तपासात निघाले की बाहेरच्या जाळ्यातून येणारे अडवणारी भिंतच, ज्याला फायरवॉल म्हणतात ती, तेथे नव्हती. आणि जाळे जोडायला दहा-दहा डॉलरची जुनी यंत्रे वापरली होती.

एवढेच नव्हे, पुण्याच्या चोरीच्या आदल्या दिवशी, १० ऑगस्ट २०१८ रोजी, अमेरिकेच्या एफबीआयने तिथल्या बँकांना कळवले होते की जगभरच्या एटीएममधून एकदम पैसे काढण्याचा बेत शिजतो आहे.

आता तारखा पाहा. रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली २ जून २०१६ रोजी. नागरी सहकारी बँकांसाठी तशी मूलभूत चौकट निघाली १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे पुण्याची चोरी होऊन दोन महिने उलटल्यावर. मोठ्यांना आधी आणि लहानांना मागाहून, ही आपली जुनी खोड आहे. चोर मात्र लहान-मोठे पाहत नाही. तो सैल कडी पाहतो.

शिवकालीन गडांवर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी असत, आणि कारभार तिघांनी मिळून करावा अशी व्यवस्था सभासदाच्या बखरीत सांगितली आहे. एक फितला तरी गड जाऊ नये, हा त्यातला हिशेब. बँकेतही एकाने नोंद करावी, दुसऱ्याने तपासावी असा नियम असतोच. पण त्या सर्वांची नावे आणि पासवर्ड एकाच संगणकावर एकाच चोराच्या हाती लागले, तर तिघे असून एकच झाला!

हे सारे मोठ्या बँकांचे, आमच्या पतसंस्थेला किंवा दूध संघाला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवाने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच, फुकट मिळत होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. तेव्हा वार्षिक सभेत लाभांशाबरोबर आणखी काही विचारायला हरकत नाही. आपल्याकडे यंत्रे किती, त्यांची यादी कोणाजवळ आहे? नोकरी सोडून गेलेल्याचे नाव संगणकातून काढले का? टपाल उघडण्याचे आणि पैसे पाठवण्याचे यंत्र एकच आहे का? हिशेबाची प्रत जाळ्यापासून तोडून वेगळी ठेवली आहे का, आणि ती उघडते का, हे कोणी करून पाहिले? सुट्टीच्या दिवशी भलताच व्यवहार होऊ लागला, तर फोन कोणाला जाईल? उत्तर देताना चिटणीस साहेब थोडे घुटमळले, तरी बिघडत नाही. पुढच्या सभेला ते तयार होऊन येतील.

पुण्याच्या खटल्याचा निकाल एप्रिल २०२३ मध्ये लागला. अकरा जणांना शिक्षा झाली. ही सर्व मंडळी बनावट कार्डे घेऊन एटीएमसमोर उभी राहणारी किंवा त्यांना जमवणारी होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला आहे. त्या खोट्या स्विचमागे बसलेले हात पुण्याच्या आरोपींच्या पिंजऱ्यापर्यंत पोचले नाहीत.