गिरगावातील भूधारणा : फोरास, फजिंदारी आणि चौपाटी

मुंबईच्या जमिनीचा इतिहास बहुधा भरावाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. समुद्र हटविला गेला, जमीन निर्माण झाली आणि तीवर शहर वसले, असा त्याचा क्रम होय. गिरगावच्या बाबतीत हा क्रम अपुरा पडतो. तेथे वाड्या आणि वस्ती आधीच होती. प्रश्न होता तो त्या जमिनीवर कोणाचा कोणता हक्क मानावयाचा, हा. त्याची उत्तरे बदलत गेली, परंतु जुने उत्तर पुसून नवे आले असे क्वचितच घडले. भूधारणेच्या परिभाषेत हे थर टिकून राहिले आहेत.

१५३४च्या वसईच्या तहाने मुंबई बेटे पोर्तुगीजांकडे गेली. राजाला ठरावीक वार्षिक देणे देऊन जमीन धारण करण्याची त्यांची रीत येथे रुजली. त्या देण्याचे नाव ‘फोरो’, त्यावरून ‘फोरास’. ‘फझेंदा’ म्हणजे मालमत्ता, तीवरून ‘फजिंदार’. इंग्रजी दप्तरांतील ‘ओआर्त’ हा बागायत वाडीचा वाचक शब्दही पोर्तुगीजच. वाड्यांची नावे मात्र फणसवाडी, कांदेवाडी, खोताची वाडी अशी मराठी आहेत. हक्काला नाव सत्तेने दिले, स्थळाला रहिवाशांनी.

१६६१च्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८मध्ये वार्षिक १० पौंड खंडाने ती कंपनीस मिळाली. जुन्या धारकांचे हक्क तेव्हा वादग्रस्त झाले होते. जेराल्ड ऑन्जिअर याने १६७२मध्ये त्यांच्याशी करार केला व तो १६७४मध्ये कायम झाला. दरसाल २०,००० झेराफिन देण्याच्या बदल्यात धारकांचा ताबा मान्य करण्यात आला. हा करार धारकांशी होता, कुळांशी नव्हे. पुढे खाजणातून लागवडीखाली आलेल्या फोरास जमिनींचा प्रश्न १८५१च्या कायद्याने धारकांच्या बाजूने सुटला.

फजिंदारीचे स्वरूप याहून गुंतागुंतीचे होते. जमीन एकाची, तीवरील घर दुसऱ्याचे आणि भुईभाडे अल्प, अशी ही व्यवस्था. वाडी नारळीची होती तोवर ती दोघांच्याही सोयीची होती. एकोणिसाव्या शतकात वाड्यांत चाळी उभ्या राहिल्या, तेव्हा वाढलेल्या मोलाचा वाटा फारसा फजिंदाराकडे गेला नाही. साहजिकच हा पट्टा कायमचा की भाडे वाढविता येण्याजोगा, हा वाद न्यायालयांपुढे येत राहिला.

किनाऱ्याची कथा निराळी आहे. एस्प्लनेडवरील चराईवर सरकारने कर बसविल्यावर जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८मध्ये ठाकुरद्वारानजीकचे कुरण गुरांसाठी विकत घेतले. ‘चर्नी रोड’ हे नाव त्याच चरणीचे, असे मानले जाते. १८६०नंतरच्या कापसाच्या तेजीत बॅकबे भरावाची कंपनी निघाली आणि १८६५च्या मंदीत बुडाली. त्याच सुमारास वस्ती आणि समुद्र यांच्यामधून लोहमार्ग गेला. त्याच्या पलीकडची वाळू कोणाच्याही वाडीत मोडली नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचा अंत्यविधी चौपाटीवर होऊ शकला, यामागे हेही एक कारण म्हणावे लागेल.

आज गिरगावातील चाळीचा पुनर्विकास निघाला म्हणजे खोलीचा भाडेकरू, इमारतीचा मालक आणि भुईचा फजिंदार असे तीन हक्क एका भूखंडावर उभे राहू शकतात. व्यवहारात तिघेही तिला ‘आमची जागा’ म्हणतात. त्यांपैकी एकालाच मालक मानून लिहिलेला इतिहास दप्तराशी जुळत नाही. आणि त्यावर आधारलेला निर्णय उरलेल्या दोघांपैकी कोणास तरी बेघर अथवा निर्धन करतो.