बाइंडिंगच्या निर्मितीविषयी : प्रस्तावना

या विषयाकडे येणाऱ्या बहुतेकांनी त्याचे फळ आधीच चाखलेले असते. जावातील 'डब्ल्यूएसइम्पोर्ट' किंवा अपाचे सीएक्सएफ, सी आणि सी++ मधील 'जीसोप', डॉटनेटमधील 'एसव्हीसीयुटिल' यांपैकी एखाद्या साधनाला सेवेच्या वर्णनाची फाईल दिली, की काही सेकंदांत तयार क्लास हाती येतात. या क्लासनाच इथे बाइंडिंग म्हटले आहे. ते चालतात, म्हणून कुणी उघडून पाहत नाही. ते उघडून पाहावेत, आणि वर्णनातून ते कोणत्या नियमांनी निघाले हे समजून घ्यावे, यासाठी वाचकाला हे आमंत्रण आहे.

दूरच्या यंत्रावरचे काम जवळच्या फंक्शनसारखे बोलावता यावे, ही इच्छा वेबहून जुनी आहे. झेरॉक्स पार्कमधील अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात 'ल्युपिन' नावाचा स्टब तयार करणारा प्रोग्रॅम आहे. मेसा भाषेत लिहिलेला इंटरफेस वाचून तो दोन्ही टोकांचा कोड, म्हणजेच स्टब, लिहीत असे. पुढे सनच्या आरपीसीने आणि कॉर्बाने तीच वाट धरली. १९९८ मध्ये एक्सएमएल १.० ही डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली, २००० मध्ये संदेशांचा लिफाफा ठरवणारा सोप १.१ आणि २००१ मध्ये सेवेचे वर्णन लिहिण्याची भाषा डब्ल्यूएसडीएल १.१ यांची टिपणे तिथेच सादर झाली. डब्ल्यूएसडीएलमागे अरिबा, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्या होत्या. इतिहास इतका पुरे.

डब्ल्यूएसडीएलचे खरे मोल त्यातल्या एका विभागणीत आहे. सेवा कोणती कामे करते आणि त्यासाठी कोणते संदेश घेते-देते, हे 'पोर्टटाइप'मध्ये सांगितलेले असते. ते संदेश तारेवर कोणत्या रूपात जातील, सोपच्या लिफाफ्यात की साध्या एचटीटीपीवर, 'डॉक्युमेंट' शैलीत की 'आरपीसी' शैलीत, हे वर्णनातला 'बाइंडिंग' नावाचा भाग सांगतो. त्यामुळे एकाच पोर्टटाइपला अनेक बाइंडिंग जोडता येतात. ही विभागणी मला त्या काळातल्या सगळ्या निर्णयांमध्ये सर्वांत दूरदर्शी वाटते. तिच्या वाट्याला मात्र बरीच गुंतागुंत आली. शैली आणि मजकूर थेट स्कीमाप्रमाणे ('लिटरल') की सोपच्या स्वतःच्या नियमांनी ('एन्कोडेड') मांडायचा, यांच्या जोड्यांमुळे एकमेकांशी न बोलणारी साधने तयार झाली. अखेर २००४ च्या डब्ल्यूएस-आय बेसिक प्रोफाइलने 'एन्कोडेड' प्रकार बाद केला. आज सर्रास दिसणारा 'रॅप्ड' संकेत, म्हणजे कामाच्याच नावाचा एक बाहेरचा घटक आणि त्यात सारे प्राचल, डब्ल्यूएसडीएल १.१ च्या मजकुरात सांगितलेलाच नाही. तो वापरातून रुळला, आणि साधने तो अंदाजाने ओळखतात.

एक जिवंत उदाहरण घेऊ. युरोपीय आयोगाच्या 'व्हीआयईएस' या व्यवस्थेत एखाद्या व्यापाऱ्याचा मूल्यवर्धित कराचा क्रमांक वैध आहे की नाही, हे सोप सेवेतून तपासता येते. तिच्या 'चेकव्हॅट' या कामाला देशाचा कोड आणि क्रमांक द्यायचा. उत्तरात तेच दोन घटक परत येतात, शिवाय विचारणेची तारीख, वैधता, नाव आणि पत्ता. वर्णन छोटे आहे, पण या क्षेत्रातले बहुतेक प्रश्न त्यात भेटतात. जावाच्या मेथडला परत देता येणारे मूल्य एकच असते, इथे तर सहा आहेत. म्हणून साधन 'होल्डर' नावाची पात्रे तयार करते, आणि विनंती व उत्तर दोन्हींत असलेले दोन घटक आत-बाहेर जाणारे प्राचल ठरतात. तारखेला एक्सएमएल स्कीमात कालविभाग जोडता येतो, जावाच्या साध्या 'लोकलडेट'ला येत नाही. म्हणून तिथे 'एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर' हा अवजड प्रकार येतो. नाव आणि पत्ता वैकल्पिकही आहेत आणि 'निलेबल'ही. म्हणजे घटक संदेशात नसणे आणि असून रिकामा घोषित असणे, या दोन वेगळ्या अवस्था झाल्या. साध्या स्ट्रिंगच्या एका 'नल'मध्ये त्या मावत नाहीत. त्या जपायच्या तर 'जॅक्सबीएलिमेंट'चे वेष्टन लागते, आणि ते पाहून नवा प्रोग्रॅमर वैतागतो. त्या वैतागाला कारण आहे, पण वेष्टन तिथे उगाच आलेले नाही.

याच सेवेत जर्मनीसारखे काही देश नाव-पत्ता उघड करत नाहीत, आणि उत्तरात तीन आडव्या रेघा येतात. स्कीमाच्या दृष्टीने ती निर्दोष स्ट्रिंग आहे. जगातले कोणतेही साधन तिचा अर्थ वर्णनातून काढू शकणार नाही. बाइंडिंगच्या निर्मितीची सीमा इतकी स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

माझे ठाम मत आहे की हे क्षेत्र म्हणजे दोन प्रकारव्यवस्थांमधल्या तडजोडीचा अभ्यास आहे. स्कीमातील 'अनसाइन्डलाँग' जावात 'बिगइंटिजर' होतो, कारण जावाच्या 'लाँग'मध्ये तो मावत नाही. स्कीमातील दशांश संख्येच्या अंकांना कमाल मर्यादा नाही, सी शार्पच्या 'डेसिमल'ला आहे. चांगले साधन अशा जागी विसंगती झाकत नाही, ती प्रोग्रॅमरसमोर ठेवते. कोड थोडा कुरूप झाला तरी चालेल, पण पैशांच्या व्यवहारातला अंक गुपचूप कापला गेलेला चालणार नाही.

सोपचा काळ सरला, मग हे कशाला शिकायचे, असे कुणी विचारेल. बँका, विमा, करव्यवस्था यांत या सेवा अजून चालू आहेत. आपल्याकडच्या यूपीआयचे संदेशही एक्सएमएलमध्येच जातात. तिथे सोपचा लिफाफा नाही, पण संदेशाचे भाषेतल्या प्रकारांशी नाते लावायचे काम तेच आहे. ओपनएपीआय आणि प्रोटोकॉल बफर्स वापरणाऱ्यालाही वैकल्पिक आणि रिकामे यांतला भेद छळतोच.

वाचकाला एकच विनंती. पुढच्या प्रकरणांकडे वळण्याआधी चेकव्हॅटचे वर्णन समोर ठेवा आणि त्याचे बाइंडिंग साधनाशिवाय, स्वतःच्या हाताने एकदा लिहा. मग साधनाने काढलेला कोड शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून पाहा.