पोटावरचे मुख आणि शाळेचे दार

ग्रीक भाषेत ‘स्टोमा’ म्हणजे मुख. जन्मजात व्यंगामुळे किंवा व्याधीमुळे मलविसर्जनाचा नैसर्गिक मार्ग निरुपयोगी झाला, म्हणजे शल्यवैद्य पोटावर जे नवे द्वार उघडतात, त्यासही हेच नाव मिळाले आहे. या शस्त्रक्रियेचा इतिहास बालकांशी प्रथमपासूनच निगडित आहे. 1710 साली अलेक्सी लित्र या फ्रेंच वैद्याने गुदद्वाराविना जन्मलेल्या एका मृत अर्भकाची तपासणी करून अशा द्वाराची कल्पना मांडली. ती सफल व्हावयास त्र्याऐंशी वर्षे लागली. 1793 साली ब्रेस्ट येथे द्युरे या शल्यवैद्याने तसेच व्यंग असलेल्या एका अर्भकाच्या पोटावर द्वार केले. ते मूल पंचेचाळीस वर्षे जगले.

प्राण वाचले, तरी चारचौघांत वावरण्याचा प्रश्न उरलाच. या द्वारावर मनुष्याचा ताबा चालत नाही. गळतीच्या आणि दुर्गंधीच्या धास्तीने रुग्ण घराबाहेर पडत नसे. 1954 साली डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सन हिने आपल्या बहिणीची ही कुचंबणा पाहून त्वचेला चिकटणारी पिशवी योजिली. पुढे 1958 साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथील शल्यवैद्य रुपर्ट टर्नबुल यांनी, स्वतः ही शस्त्रक्रिया झालेल्या नॉर्मा गिल यांना रुग्णांच्या साहाय्यार्थ नेमले. पिशवी कशी बसवावी, त्वचा कशी जपावी, याचे रीतसर शिक्षण तेथूनच सुरू झाले.

पिशवीमुळे मुलाला शाळेत जाणे शक्य झाले. तेथे निर्भयपणे बसणे मात्र शाळेवर अवलंबून होते. पिशवी दिवसातून अनेकदा रिकामी करावी लागते. त्यासाठी कारण न सांगता वर्गाबाहेर जाण्याची मुभा, कडी लागणारे व पाणी असलेले शौचालय, जादा पिशवी व कपडे, आणि सर्व ठाऊक असलेला एक विश्वासू शिक्षक, एवढेच पुरते. इतर कोणाला सांगावयाचे, हे मुलाने व त्याच्या पालकांनी ठरवावे. वैद्याच्या सल्ल्याने बहुतेक खेळही त्याला खेळता येतात. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने अशा विद्यार्थ्यांना साहाय्य करणे हे सरकारी शाळांचे कर्तव्य ठरविले.

द्युरेच्या शस्त्रक्रियेपासून या कायद्यापर्यंत दोनशेहून अधिक वर्षे गेली. जी सवलत शिक्षकाला एका शब्दाने देता आली असती, तिच्यासाठी एवढा काळ लागावा, ही गोष्ट शल्यविद्येच्या नव्हे, समाजाच्या इतिहासात नोंदली पाहिजे.