सदर बाजार, जबलपूर : छावणीच्या वेशीवर

पोस्टिंगच्या नव्या ठिकाणी सामान उतरलं, जॉइनिंगची धावपळ संपली की पहिल्या मोकळ्या रविवारी मी तिथल्या सदर बाजारात पायी फिरून येतो. खडकवासल्याहून बाहेर पडल्यापासूनची ही सवय. मेस, परेड ग्राउंड, चुना मारलेले दगड आणि अशोकाची झाडं सगळ्या छावण्यांत थोडीफार सारखीच. त्या गावाने फौजेला किती जवळ केलं आणि फौजेने गावाला किती लांब ठेवलं, हे मात्र सदरमध्येच कळतं. म्हणून आज जबलपूरच्या सदरविषयी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला 'सदर' हा शब्द नवा नाही. वाड्याची सदर, गडावरची सदर, जिथे कारभार चालतो ती जागा. साताऱ्याला सदर बाजार आहे, नागपूरला सदर आहे. इंग्रजांच्या छावणीत सदर बाजार म्हणजे मुख्य बाजार. पलटणींचे स्वतःचे छोटे बाजार वेगळे असत, आणि सगळ्या छावणीला पुरवठा करणारा हा मोठा. दुकानदाराने कुठे बसायचं, दारू कुणी विकायची, गावातल्या कुणी आत यायचं, हे सगळं छावणीचे अधिकारी ठरवत. हेतू उघड होता. शिपायाला लागेल ते हद्दीच्या आत मिळावं आणि त्याला शहरात जायची गरज पडू नये. शहरात रोगराई असते, दारू असते आणि मुख्य म्हणजे राजकारण असतं. छावणीच्या वेशीचं खरं काम हे होतं.

जबलपूरच्या सदरमध्ये फिरताना ही आखणी आजही जाणवते. सरळ मुख्य रस्ता आणि त्याला फुटणाऱ्या गल्ल्या. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पत्ता सांगतानाही लोक गल्लीचा नंबर सांगतात. पेंटीनाक्याकडून आत आलं की फौजी सामानाची दुकानं लागतात : फिती, बिल्ले, नेमप्लेट, पदकं बसवून देणारे कारागीर. इंडियन कॉफी हाउसमध्ये डोक्यावर तुरेवाला फेटा बांधलेले वेटर आणि तासन्‌तास बसलेले पेन्शनर. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्सची रेजिमेंटल सेंटर्स इथे, सिग्नल्सचं मोठं ट्रेनिंग सेंटर इथे. त्यामुळे रविवारी आउट पासवर आलेली रंगरुटांची पोरं टोळीटोळीने फिरत असतात. केस बारीक, बूट चकाचक, हातात मोबाइल.

हे शहर मुळात सीमेवरचं. नर्मदा इथून काही किलोमीटरवर ग्वारीघाटाला आणि पुढे भेडाघाटला वाहते. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्याचा हा मुलूख. १७८१ साली सागरच्या मराठी सुभ्याने शेवटचा राजा नरहरशाह याला काढून मुलूख ताब्यात घेतला आणि जबलपूर हे ठाणं केलं. पुढे १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला आणि नर्मदेचं खोरं नागपूरकर भोसल्यांना दिलं. म्हणजे छत्तीस वर्षं इथे मराठी अंमल होता. १८०३ नंतर बुंदेलखंडात इंग्रज येऊन बसले आणि जबलपूर हे भोसल्यांच्या राज्याचं उत्तरेकडचं तोंड झालं. पलीकडे रेवा, त्यामागे कंपनी सरकार.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. १६ डिसेंबरला सकाळी आप्पासाहेब भोसले नागपुरात इंग्रज रेसिडेंटच्या स्वाधीन झाले. इकडे रेव्याच्या सरहद्दीवर असलेला ब्रिगेडियर जनरल हार्डीमन दक्षिणेकडे निघाला होता. १९ डिसेंबरला जबलपूरसमोर भोसल्यांच्या शिबंदीने त्याला अडवलं आणि लढाई दिली. ती हरली. राजा तीन दिवसांपूर्वीच शत्रूच्या छावणीत जाऊन बसला होता, आणि त्याचे शिपाई नर्मदेच्या या बाजूला त्याच्या नावाने मरत होते. नागपूर ते जबलपूर सिवनीमार्गे अडीचशे किलोमीटरहून जास्त. मधे सातपुड्याचं जंगल, आणि बातमी नेणार सांडणीस्वार किंवा हरकारा. सिग्नलच्या माणसाने ही लढाई जरूर अभ्यासावी. सीताबर्डी आपल्या पाठ्यपुस्तकात आहे, पण तिचं हे शेवटचं पान मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतं. या पराभवानंतर जबलपूर इंग्रजांचं झालं.

दुसरी तारीख १८ सप्टेंबर १८५७. ज्या गोंड घराण्याचं राज्य मराठ्यांनी घेतलं होतं, त्याच घराण्यातले राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी कटाच्या आरोपाखाली पकडलं. पुराव्यात शत्रूचा नाश कर अशी देवीची प्रार्थना करणारं एक कवनही होतं. दोघांना तोफेच्या तोंडी दिलं. जबलपुरात तेव्हा ५२वी बंगाल नेटिव्ह इन्फंट्री होती आणि ती तोवर शांत होती. त्या रात्री ती पलटण हत्यारांसह छावणी सोडून पाटणच्या दिशेने निघून गेली. लोकांना दहशत बसावी म्हणून दिलेली शिक्षा पाहून शिपाईच निघून गेले. राजांचं स्मारक आज रेल्वे स्टेशनच्या बाजूला आहे आणि शहर ते आदराने जपतं.

यानंतर जबलपूरची छावणी मोठी होत गेली. ७ मार्च १८७० ला मुंबईहून येणारी जी.आय.पी. आणि कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे इथे जोडल्या गेल्या. देशाचा मध्य आणि दोन्ही बंदरांकडे जाणारी रेल्वे, लष्कराला आणखी काय हवं? १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धात खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, पुढे व्हेइकल फॅक्टरी. माझ्या आधीच्या पिढीतल्या फौजींनी जी 'जोंगा' चालवली तिच्या नावातला 'ज' या जबलपूरचा. आजची धनुष तोफही इथलीच.

तिसरी तारीख २७ फेब्रुवारी १९४६. या चकरेत माझं मन खरं अडकलं ते हिच्यात. १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर संप सुरू झाला होता. 'तलवार' हे सिग्नल्सचं ट्रेनिंग सेंटर. नऊ दिवसांनी जबलपूरचे जवान बाहेर पडले, तेही सिग्नल ट्रेनिंग सेंटरचे. मला हा योगायोग वाटत नाही. सिग्नलचा माणूस शिकलेला, इंग्रजी जाणणारा. कानाला हेडफोन लावला की देशभर काय चाललंय ते त्याला अधिकाऱ्याच्या आधी कळतं. आझाद हिंद सेनेवरचे खटले, मुंबईत नौसैनिकांवर झालेला गोळीबार, आपलं खाणं आणि पगार, त्याच कामाला गोऱ्याला मिळणारं वेगळं माप, हे सगळं त्याच्यापर्यंत पोचत होतं. १८१७ ला बातमी पोचायला दिवस लागत. १९४६ ला तिला वेशीवर अडवणं अशक्य झालं होतं.

पुढच्या काही दिवसांत सुमारे १,७०० जवान यात सामील झाले. काँग्रेसचे आणि मुस्लिम लीगचे झेंडे एकत्र घेऊन ते निःशस्त्र निघाले. छावणी ओलांडून शहरात तिलकभूमी तलैयापर्यंत गेले आणि तिथे भाषणं झाली. ज्या वेशीचा सगळा खटाटोप शिपायाला शहरापासून दूर ठेवण्यासाठी होता, ती त्यांनी दिवसाढवळ्या पायी ओलांडली. नंतर बाहेरून फौज आणून, संगिनी चालवून हे मोडून काढण्यात आलं. अनेक जण जखमी झाले, कोर्ट मार्शल झाली, कित्येक जण बडतर्फ झाले.

सदरमधल्या एका वयस्कर टेलर मास्टरांकडे मी गणवेशाचं माप द्यायला थांबलो होतो. मी विचारलं, "मास्टरजी, छियालीस में सिग्नलवालों की हड़ताल हुई थी, कुछ सुना है?" ते म्हणाले, "नहीं साहब. राजा शंकर शाह का मालूम है, वो तो तोप से उड़ाए गए थे." आणि अठराशे सतराची लढाई? त्यावर त्यांनी हसून टेप गुंडाळली. त्यांचा दोष नाही. राजाचं स्मारक होतं, शिपायाच्या वाट्याला शेरा येतो.

गणवेशातला माणूस म्हणून १९४६ बद्दल लिहिणं सोपं नाही. शिस्त मोडणं हा गुण आहे असं मी माझ्या जवानांना कधीच सांगणार नाही. तक्रार सांगायचा रस्ता असतो, आणि तो उघडा ठेवणं हे अधिकाऱ्याचं काम. पण त्या पोरांनी शस्त्रागाराला हात लावला नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. शपथ ज्या राजासाठी घेतली तो परका आहे आणि देश आपला आहे, ही अडचण त्यांच्यापुढे होती. आपल्यापुढे ती नाही. आपली शपथ संविधानाची आहे. दीड वर्षातच देश स्वतंत्र झाला. ज्या रेजिमेंट सेंटरच्या गेटमधून ते बाहेर पडले, तिथल्या जवानांची शपथ बदलली, आणि त्या १,७०० जणांना जे म्हणायचं होतं ते वेगळ्या वाटेने खरं झालं.

जबलपूरला येणाऱ्या मराठी वाचकांनी भेडाघाट पाहावाच, पण एक संध्याकाळ सदरसाठी ठेवावी. पेंटीनाक्यापासून चालायला लागा, कॉफी हाउसला थांबा, मग छावणीची हद्द ओलांडून शहराकडे तिलकभूमी तलैयापर्यंत जा. वाटेत कुणी अडवत नाही. आणि तुमच्यापैकी ज्यांचे वडील किंवा आजोबा १९४६ ला जबलपूरच्या सिग्नल सेंटरमध्ये होते, त्यांनी घरातली जुनी डिस्चार्ज बुकं एकदा उघडून पाहावीत. त्यात लाल शाईचा शेरा सापडला तर तो लपवू नका. पोरांना त्याची गोष्ट सांगा.

जय हिंद.