व्हिडिओ कॅसेट व चाहते (धाराशिव जिल्हा)

१९८०-९० च्या दशकांत मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे धाराशिव जिल्ह्यातही व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही रात्रीपुरते भाड्याने आणून, वर्गणी काढून, पहाटेपर्यंत तीन-चार चित्रपट पाहिले जात. अशाच कॅसेटवर पाहिला गेलेला सचिन दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर (१९६६) बेतलेला आहे, पण मराठी चाहत्यांना त्या मूळ चित्रपटाचे फारसे सोयरसुतक नाही. चित्रपटगृहापेक्षा कॅसेटच्या पारायणांनीच ‘बनवाबनवी’चे संवाद तोंडपाठ झाले, असे म्हणायला हरकत नाही. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मधील (१९९३) तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला होता; लहान मुले त्याला घाबरत आणि पुन्हा तीच कॅसेट मागत. पुढे व्हीसीडीने कॅसेट मागे टाकली. कॅसेटचा काळ सरल्यावर ‘झपाटलेला २’ २०१३ मध्ये त्रिमितीत आला.