लाकडी मनोरा आणि योरुबा घर : वारसा नेमका कशाचा?

१. २०१७ साली जागतिक वास्तुकला महोत्सवात एका न बांधलेल्या इमारतीच्या आराखड्याला पुरस्कार मिळाला. नायजेरियातील लागोस शहराच्या इकोयी या श्रीमंत वस्तीत लाकडाचा उत्तुंग निवासी मनोरा उभारायचा, अशी ती कल्पना होती. तिचे नाव अबेबे कोर्ट टॉवर आणि वास्तुविशारद कॅमेरूनचे हर्मन काम्ते. दर्शनी आवरणावर योरुबा परंपरेतून स्फुरलेली नक्षी होती. पर्यावरण आणि परंपरा यांचा मेळ घालणारी वास्तू म्हणून तिचे कौतुक झाले.

२. ‘परंपरा’ हा शब्द उच्चारला की दावा इतिहासाचा होतो, आणि इतिहासाचा दावा तपासून पाहता येतो. योरुबा लोक लाकडाने काय बांधत असत? ते उंच बांधत होते का? त्यांच्या घराचे घरपण कशात होते? या धाग्यात हे तीन प्रश्न क्रमाने पाहू.

३. योरुबा समाज आजच्या नैऋत्य नायजेरियात आणि शेजारच्या बेनिन देशात राहतो. हा समाज फार पूर्वीपासून नगरांत राहणारा आहे. इफे येथे मध्ययुगात खापराचे तुकडे उभे रोवून केलेल्या फरसबंद्या उत्खननात मिळाल्या आहेत. इफे, ओयो, इबादान ही नावे वसाहतकाळाने जन्माला घातलेली नाहीत.

४. या नगरांचा घटक म्हणजे एकटे घर नव्हे, तर ‘आग्बो इले’. शब्दशः अर्थ ‘घरांचा समूह’. मधे उघडे अंगण, चारी बाजूंना खोल्यांच्या ओळी आणि अंगणाकडे तोंड करून सलग ओसरी. एका कुळाची अनेक कुटुंबे येथे नांदत आणि ‘बाले’ हा वडीलधारा सर्वांचा कारभार पाही. कुळ वाढले की आणखी अंगणे जोडली जात. सरदारांचे आग्बो इले कित्येक एकरांवर पसरलेले असत.

५. म्हणजे हे घर आडवे वाढणारे होते. योरुबा इतिहासकार सॅम्युएल जॉन्सन यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात या घरांचे वर्णन एकमजली असेच आहे. भिंती कालवलेल्या मातीच्या, थरावर थर वाळवत चढवलेल्या. छप्पर गवताचे किंवा पानांचे. उंचीची हौस असली तरी ती मजल्यांतून व्यक्त होत नव्हती.

६. मग लाकूड कोठे होते? छपराच्या सांगाड्यात, दारांत आणि ओसरीच्या खांबांत. १८२६ साली स्कॉटिश प्रवासी ह्यू क्लॅपर्टन ओयोच्या जुन्या राजधानीत पोहोचला. तेथील लोकांना दारे आणि ओसरीचे खांब कोरीव कामाने सजवण्याची मोठी आवड आहे, अशी नोंद त्याने केली. हरणाला मारणारा अजगर, ढोलांसह निघालेले योद्धे अशी दृश्ये त्याने त्या लाकडावर पाहिली.

७. या कलेचा सर्वांत विख्यात कारागीर म्हणजे इसे गावचा ओलोवे. त्याचे निधन १९३८ च्या सुमारास झाले. इकेरेच्या राजवाड्यासाठी त्याने १९१० ते १९१४ दरम्यान खांब कोरले. त्यांतील एकात राजा बसलेला आहे आणि त्याच्यामागे त्याची ज्येष्ठ राणी त्याच्याहून कितीतरी उंच उभी आहे. हा खांब जेमतेम दीड मीटरचा आहे. आज तो शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे.

८. त्याच राजवाड्याचे ओलोवेने कोरलेले दार १९२४ साली लंडनजवळ वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनात मांडले गेले. ब्रिटिश म्युझियमला ते हवे होते. इकेरेच्या राजाने ते पैशाला विकले नाही. बदल्यात ब्रिटिश बनावटीचे सिंहासन घेतले. दारावरील एका दृश्यात हाच राजदरबार ब्रिटिश अधिकाऱ्याचे स्वागत करताना दिसतो. अधिकारी पालखीवजा आसनातून येतो आहे आणि त्याला वाहणारे खांदे आफ्रिकी आहेत. ते दार राज्यव्यवहाराची नोंद होते.

९. येथे पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर मिळते. योरुबा वास्तूत लाकूड वजन पेलत असे, पण मानही तेच सांगत असे : कोणाच्या ओसरीला कसले खांब, यावरून त्याचा दर्जा कळे. लाकडाच्या बळावर मजले चढवणे मात्र या परंपरेत नव्हते.

१०. मजला आला तो समुद्रमार्गे. बडाग्री येथे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी १८४५ साली पूर्ण केलेले दुमजली घर नायजेरियातील पहिले मानले जाते. त्याच शतकात ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून नेलेले अनेक योरुबा लोक आणि त्यांचे वंशज मुक्त होऊन लागोसला परतले. त्यांच्यात गवंडी आणि सुतार बरेच होते. त्यांनी ब्राझिली धाटणीची दुमजली घरे उभारली. योरुबा भाषेत माडीच्या घराला ‘पेटेसी’ हा शब्द रूढ झाला.

११. १८९४ साली लागोसमध्ये खुली झालेली शिट्टा-बे मशीद याच परंपरेतील. मुस्लीम व्यापाऱ्याच्या पैशातून उभी राहिलेली ही वास्तू परतलेल्या ब्राझिली कारागिराने घडवली. परंपरा परक्या गोष्टी आत्मसात करते, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता? त्यामुळे ‘पूर्वी मनोरे नव्हते, म्हणून आताही नकोत’ हा युक्तिवाद टिकत नाही. ब्राझीलहून आलेली माडी योरुबा होऊ शकते, तर लाकडी मनोराही होऊ शकेल. प्रश्न आहे तो अटींचा.

१२. त्या अटी समजण्यासाठी लागोसचा एक दुखरा प्रसंग पाहावा लागतो. १९२० च्या दशकातील प्लेगच्या साथीनंतर, १९२८ साली, शहर सुधारणेसाठी सरकारी मंडळ स्थापन झाले. त्याच मंडळाने १९५५ पासून मध्य लागोसमधील दाट जुनी वस्ती पाडायला घेतली. अनेक कुटुंबांना सुरुलेरे येथील नव्या, नीटनेटक्या घरांत हलवण्यात आले.

१३. समाजशास्त्रज्ञ पीटर मॅरिस यांनी या स्थलांतराचा अभ्यास करून १९६१ साली पुस्तक लिहिले. नवी घरे अधिक मोकळी आणि स्वच्छ होती. पण नातेवाईक पांगले, भाडे आणि प्रवासखर्च वाढला, दारात माल मांडून विकणाऱ्या स्त्रियांची गिऱ्हाइके तुटली. म्हाताऱ्यांना भेटणे, अडल्यानडल्याला पैसे पोहोचवणे, मुले सांभाळणे या रोजच्या गोष्टींना अंतर आडवे आले. जुन्या अंगणात ही सारी व्यवस्था विनासायास चालत होती. पाडणाऱ्यांच्या नकाशावर तिला जागाच नव्हती.

१४. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच. योरुबा घराचे घरपण नक्षीत कमी आणि अंगण, ओसरी, शेजार व धंदा यांच्या जुळणीत अधिक होते.

१५. दरम्यान शहराने काँक्रीटचा मार्ग धरला. इबादानचे २६ मजली कोको हाउस १९६५ साली पूर्ण झाले. कोको पिकाच्या उत्पन्नातून उभी राहिलेली ही इमारत पश्चिम नायजेरियाचा अभिमान ठरली. पुढे तेलाचा पैसा आला आणि १९७५ पर्यंत सरकारने सुमारे २ कोटी टन सिमेंटची मागणी नोंदवली. लागोस बंदराची क्षमता त्याच्या आसपासही नव्हती. शेकडो जहाजे समुद्रात खोळंबली, खोळंब्याचा दंड चढत गेला आणि सिमेंट जहाजांतच खराब होऊ लागले.

१६. काँक्रीट म्हणजे हमखास सुरक्षितता, असेही नाही. १ नोव्हेंबर २०२१ रोजी याच इकोयीमध्ये बांधकाम चालू असलेली २१ मजली इमारत कोसळली आणि ४० हून अधिक माणसे दगावली. साहित्य कोणतेही असो, देखरेख ढिली असेल तर उंची जिवावर बेतते.

१७. लाकडी मनोरा आज तंत्रदृष्ट्या शक्य आहे. फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून मोठे पत्रे व तुळया करतात. जाड लाकूड पेटले तर बाहेरचा थर कोळसा होऊन आतील गाभ्याचे काही काळ रक्षण करतो. नॉर्वेत २०१९ साली १८ मजल्यांची आणि अमेरिकेत मिलवॉकी येथे २०२२ साली २५ मजल्यांची अशी इमारत पूर्ण झाली. झाडाने हवेतून शोषलेला कार्बन लाकूड टिकेपर्यंत इमारतीत अडकून राहतो, हा मोठा फायदा.

१८. पण त्यासाठी जंगल हवे. योरुबा समजुतीत इरोको वृक्षात आत्मा वसतो. तो तोडण्यापूर्वी त्याची विधिवत मनधरणी करण्याची प्रथा होती. कीड सहज न लागणारे हे लाकूड तोडीमुळे दुर्मीळ झाले. लागोसच्या पूर्वेकडील ओमो या राखीव जंगलातही नैसर्गिक वन तोडून कागदाच्या लगद्यासाठी एकाच जातीची झाडे लावली गेली. ती झाडे कोणती? आपली शिवण! भारत व आग्नेय आशियातील हा वृक्ष नायजेरियात लागवडीसाठी नेला गेला. आपला सागही तेथे पोहोचला आहे.

१९. तेव्हा मनोऱ्याच्या आराखड्याला विचारायचे प्रश्न असे : लाकूड कोणत्या जंगलाचे आणि तोडलेल्या झाडाच्या जागी काय लावणार? दहाव्या मजल्यावर अंगण कोठे आहे? आजी, भाचरे आणि भाडेकरू एकमेकांच्या नजरेत राहतील अशी ओसरी आहे का? तळमजल्यावर टोपली मांडून बसणारीला जागा आहे का? आणि भाडे कोणाला परवडणार?

२०. या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर भिंतीवर एकही नक्षी नसताना तो मनोरा योरुबा ठरेल. उत्तरे नकारार्थी असतील, तर ओलोवेच्या तोडीचे कोरीवकामही त्याला तसा करू शकणार नाही. मित्रहो, आपल्या शहरांत ‘पारंपरिक शैली’च्या जाहिराती वाचतानाही ही कसोटी हाताशी ठेवा. जुन्या घराचे चित्र घेणे सोपे असते. त्या घरात माणसे एकमेकांना कशी धरून होती, ते नव्या घरात उतरवणे अवघड असते.